शुक्रवारी सूर्यास्तानंतर ब्लॅक सॅबथ

प्रश्न : माझे सासरे अमेरिकन आहेत, वय ६८. ते पाच वर्षांचे असताना त्यांचे आईवडील 'वर्ल्डवाइड चर्च ऑफ गॉड' या पंथात आले. सासरे १९९५ मध्ये बाहेर पडले. दर शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्यासारखेच बाहेर पडलेले पाच-सहा जण फोनवर जमतात आणि दोन-तीन तास बोलतात. काय, तर अमुक बँडचा ड्रमर कोण, तमुक रेकॉर्ड कधी आली, टोमॅटोची पानं का वळली. पंथाबद्दल, देवाबद्दल अवाक्षर नाही. नवरा म्हणतो, सोड, म्हाताऱ्यांचा विरंगुळा आहे. मला मात्र शंका येते, हे दुखणं टाळणं तर नाही ना? दुसरं, आमच्या मुलाच्या वाढदिवसाला केक कापायच्या वेळी ते दर वर्षी अंगणात निघून जातात. असं का? मी यात काही करावं का?
– एक सून, ओरेगन

उत्तर :

ताई, आधी उत्तर सांगते, मग कारणं. तुमच्या सासऱ्यांना काही झालेलं नाही. त्या फोनवर जे चालतं ती टाळाटाळ नव्हे, आणि असलीच तर फार गुणाची टाळाटाळ आहे. पण तुमच्या नवऱ्यासारखं 'सोड' असंही मी म्हणणार नाही. तुम्हाला त्यात शिरायचंय हे पत्रावरून कळतं, आणि शिरता येतं.

मी लॉस एंजेलिसजवळ समुपदेशनाचं काम करते. सगळं आयुष्य आखून देणाऱ्या धार्मिक गटांमधून बाहेर पडलेली माणसं पंचवीस वर्षं माझ्याकडे येताहेत. सुरुवातीला मीही तुमच्यासारखीच होते. एका गटबैठकीत दोघे जण फ्लीटवुड मॅक या रॉक बँडमध्ये आजवर गिटारवाले किती झाले यावर हमरीतुमरीवर आले. मी दहा मिनिटं ऐकलं आणि म्हटलं, 'आपण मूळ विषयाकडे वळू या का?' खोली गार पडली. पुढच्या आठवड्यात त्यातला एक आला नाही. बऱ्याच महिन्यांनी भेटला तेव्हा म्हणाला, 'तुम्ही अगदी आमच्या चर्चच्या पाळकासारख्या बोललात.' तेव्हापासून 'मूळ विषय' हे शब्द मी तोंडातून काढत नाही.

तुमच्या पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात, 'शुक्रवारी संध्याकाळी'. मी तिथेच थांबले. या पंथात शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, पाळायचा तो शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी सूर्य मावळेपर्यंत. त्या वेळात नोकरी नाही, धंदा नाही, घराची-अंगणाची कामं नाहीत. आता अमेरिकेतल्या शाळांचे फुटबॉलचे सामने कधी? शुक्रवारी रात्री. शाळेतले नाच कधी? बहुधा शुक्रवारीच. चार पैसे मिळवून देणारी पोरांची नोकरी कधी? शनिवारी. पंधरा वर्षांच्या मुलाच्या वाट्याला यातलं काय आलं असेल ते पहा. आणि आज त्याच घटकेला, दिवेलागणीला, सहा माणसं फोन लावतात आणि ज्या बँडच्या नावातच शब्बाथ आहे त्याची लफडी चघळतात. ठरवून केलं असो वा नकळत, रिकामी पडलेली जागा त्यांनी भरली आहे. आपल्याकडे उपास करणं बंद केल्यावरही कित्येक बायका सोमवारी आपसूक साबुदाणा भिजत घालतात, तसंच हे. वेळ अंगात मुरते, कारण गेलं तरी.

ब्लॅक सॅबथ या इंग्लिश रॉक बँडबद्दल हे लोक काय बोलतात ते नीट ऐकलंत तर एक गंमत दिसेल. पहिली रेकॉर्ड इंग्लंडमध्ये १३ फेब्रुवारी १९७० ला आली, वार शुक्रवार. नाव उचललं बोरिस कार्लॉफ असलेल्या १९६३ च्या एका भयपटावरून, त्याआधी बँडचं नाव नुसतं 'अर्थ' होतं. बहुतेक शब्द लिहिणारा बास गिटारवाला गीझर बटलर कर्मठ कॅथलिक घरातला. १९७१ च्या तिसऱ्या रेकॉर्डवरचं त्याचं 'आफ्टर फॉरएव्हर' हे गाणं तर चक्क श्रद्धेच्या बाजूने आहे. आणि चौघांच्या गळ्यात जे मोठाले क्रूस दिसतात, ते बँडचा गायक ऑझी ऑस्बोर्न याच्या वडिलांनी ॲल्युमिनियमचे बनवून दिलेले. वडील कारखान्यात टूलमेकर होते. ज्यांना लहानपणी सांगितलं गेलं की या आवाजामागे सैतान आहे, त्यांना साठीत कळतं की मागे बर्मिंगहॅमच्या कारखान्यातला एक काळजी करणारा बाप होता. माझ्याकडे ही क्रूसाची गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे, आणि दर वेळी सांगणाऱ्याचा आवाज त्या वाक्याला जरा खाली येतो.

आता या पंथाबद्दल थोडं, कारण इतर वाचकांना ते माहीत नसेल. पंथाचा संस्थापक हर्बर्ट आर्मस्ट्राँग हा मूळचा जाहिरातीच्या धंद्यातला माणूस. त्याने १९३४ च्या जानेवारीत तुमच्याच ओरेगनमध्ये, यूजीन गावच्या एका लहानशा रेडिओ केंद्रावरून प्रवचनं सुरू केली. १९४७ मध्ये बिऱ्हाड कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीनाला हललं, अँबॅसडर कॉलेज निघालं. 'द प्लेन ट्रूथ' नावाचं त्यांचं मासिक फुकट मिळे, भारतातही काही घरांत ते टपालाने येत असे. नाताळ नाही, ईस्टर नाही, डुकराचं मांस नाही, कोळंबी नाही. बायबलातले जुन्या करारातले सण मात्र सगळे पाळायचे. दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, एक नव्हे, तीन : पहिला चर्चला, दुसरा सणांसाठी बाजूला, आणि सात वर्षांच्या चक्रातल्या तिसऱ्या व सहाव्या वर्षी तिसरा, विधवा-गरिबांसाठी. दुसऱ्या दशमांशाची मजा अशी की मंडपांच्या सणाच्या आठ दिवसांत तो खर्च करायचाच. वर्षभर काटकसर, आणि शरदात आठवडाभर सक्तीची चैन! हॉटेलात राहणं, मोठाली जेवणं. या लोकांच्या बालपणाच्या सगळ्यात सुखाच्या आठवणी बहुधा याच आठवड्याच्या असतात. बाहेरचे लोक 'बिच्चारे' म्हणायला लागले की ते वैतागतात, त्याचं हे एक कारण. सगळंच वाईट नव्हतं, आणि ते वाईट नव्हतं हे म्हणायची सोयही त्यांना हवी असते.

तारखांचं मात्र जरा सविस्तर सांगायला हवं. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

पंथाच्या हिशोबात १९ वर्षांचं एक कालचक्र होतं. प्रवचनं सुरू झाली १९३४ मध्ये. १९५३ च्या जानेवारीत ती रेडिओ लक्झेंबर्गवरून युरोपात पोहोचली, म्हणजे एक चक्र पूर्ण. पुढचं चक्र पूर्ण होणार १९७२ च्या जानेवारीत. मग निवडलेल्या लोकांना सुरक्षित जागी नेलं जाईल, ती जागा जॉर्डनमधलं पेट्रा असावं, आणि जगावर साडेतीन वर्षं महासंकट. १९७५ चा उल्लेख थेट शीर्षकात असलेली एक पुस्तिका १९५६ मध्येच निघाली होती. तुमचे सासरे १९७२ मध्ये पंधराएक वर्षांचे असणार. त्या वयाच्या मुलाने कॉलेजात काय शिकायचं, कोणती मुलगी आवडते, गिटार घ्यायची की नाही, हे ठरवायचं कशाला? तीन वर्षांत सगळं संपणारच आहे.

आणि त्या वेळी जगात चाललं काय होतं? १९७१! एप्रिलमध्ये रोलिंग स्टोन्सची 'स्टिकी फिंगर्स', ऑगस्टमध्ये द हूची 'हूज नेक्स्ट', ८ नोव्हेंबरला 'स्टेअरवे टू हेवन' असलेली लेड झेपलिनची चौथी रेकॉर्ड. जगाचा शेवटचा म्हणून ठरलेला शरद ऋतू, आणि रॉकचं सगळ्यात भरलेलं वर्ष. पेट्राला जायची तारीख आली, गेली. १५ जानेवारी १९७२ च्या आठवड्यात अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर चढलं डॉन मॅक्लीनचं 'अमेरिकन पाय', आणि चार आठवडे तिथेच राहिलं. साडेआठ मिनिटांचं गाणं, छोट्या तबकडीच्या एका बाजूवर मावेना म्हणून दोन बाजूंवर कापून टाकलेलं. एक गृहस्थ मला म्हणाले होते, 'जग बुडायच्या ऐवजी ते गाणं लागलं, आणि शाळेच्या बसमध्ये सगळ्यांना त्याचे शब्द पाठ होते, मी सोडून.'

आता फोनवरचं बोलणं पुन्हा ऐका. 'लेड झेपलिन फोर सत्तरची.' 'नाही रे, एकाहत्तरची.' 'बघ, नोव्हेंबर.' 'अरे हो की.' हसणं. पुढचा प्रश्न.

या माणसांना तारखा पाठ करायची, वचनाला वचन जोडायची, ओळीतून पुरावा काढायची सवय लहानपणापासून आहे. त्यात ती तरबेज आहेत. पूर्वी या हुशारीने काढलेली तारीख चुकली की चूक कोणाची हे विचारायचीही चोरी. आता तीच हुशारी, पण तारीख चुकली तर कोणाचं घर विकलं जात नाही, कोणी मंडळीतून काढलं जात नाही, कोणाची आई बोलणं बंद करत नाही. चूक झाली, दुरुस्त झाली, चहा घे. माझ्या खोलीत मी महिनोन्महिने खपून जे शिकवायचा प्रयत्न करते, की तुम्ही चुकू शकता आणि तरीही या टेबलाभोवती तुमची खुर्ची आहे, ते ही मंडळी शुक्रवारी फुकटात करतात.

आपल्याकडे बिनाका गीतमालेत कोणतं गाणं कोणत्या पायदानावर होतं यावर भांडणारे काका प्रत्येक घरात आहेत. त्यांचा आणि तुमच्या सासऱ्यांचा छंद वरवर एकच, फरक एवढाच की काकांनी ती गाणी त्या बुधवारी ऐकलेली असतात. माणसाच्या आठवणी साधारण दहा ते तीस या वयातल्या सगळ्यात दाट असतात, आणि त्यांना चिकटलेलं संगीतही. तुमच्या सासऱ्यांच्या त्या वर्षांत इतरांच्या मानाने गाणी विरळ. म्हणून ते आठवत नाहीयेत, ते मागाहून भरताहेत. रेकॉर्डच्या कव्हरवरची बारीक अक्षरं, ध्वनिमुद्रकाचं नाव, स्टुडिओ, सगळं. ज्याने गाणं चोरून ऐकलंय किंवा मुळीच ऐकलं नाहीये, त्याला तपशिलाची भूक जास्त असते.

चोरून ऐकण्यावरून आठवलं. या पंथाचं आणि रॉकचं नातं मोठं चमत्कारिक. साठच्या दशकात इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याबाहेर जहाजांवरून चालणारी विनापरवाना रेडिओ केंद्रं होती. बीबीसी जी गाणी पुरेशी लावत नसे ती पोरांना तिथे ऐकायला मिळत. त्यातल्या रेडिओ लंडनला दर दिवशी पैसे मोजून वेळ विकत घेणारा एक गिऱ्हाईक कोण? आर्मस्ट्राँगचा 'द वर्ल्ड टुमॉरो' कार्यक्रम! आवाज मुलाचा, गार्नर टेड आर्मस्ट्राँगचा, रेडिओला अगदी साजेसा. म्हणजे जगाचा अंत जवळ आल्याचं सांगणाऱ्याच्या पैशावर बीटल्स वाजत होते, असं म्हटलं तर फार चुकणार नाही. अशी केंद्रं बंद पाडणारा कायदा १४ ऑगस्ट १९६७ च्या मध्यरात्री लागू होणार होता, त्याच दिवशी दुपारी तीनला रेडिओ लंडन बंद झालं, आणि शेवटची रेकॉर्ड लागली ती 'अ डे इन द लाइफ'. हा प्रश्न सासऱ्यांना विचारून बघा. इंग्लंडमधून बाहेर पडलेला कोणी त्या फोनवर असेल तर तो आधी उत्तर देईल आणि सासरे खट्टू होतील.

तीच गोष्ट पॅसाडीनाच्या सभागृहाची. १९७४ मध्ये पंथाने तिथे अँबॅसडर ऑडिटोरियम बांधलं, पहिला कार्यक्रम कार्लो मारिया जुलिनीच्या हाताखाली व्हिएन्ना सिंफनीचा. पुढे कारायान, होरोविट्झ, पावारोत्ती, पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतातले हे सगळे दिग्गज तिथे येऊन गेले. शास्त्रीय संगीताला संगमरवर, आणि पोराच्या उशीखालचा ट्रान्झिस्टर मात्र शंकास्पद. आज ते सभागृह ज्या दुसऱ्या चर्चकडे आहे त्याच्या नावात 'रॉक' आहे. अर्थात खडक या अर्थाने. पण हा विनोद त्या फोनवर वर्षातून दोनदा तरी होतच असणार.

सैतानाच्या गोष्टींवर मी थोडक्यात बोलते, कारण तुम्हाला त्यात रस नसावा, पण त्यांना आहे. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधानसभेच्या एका समितीपुढे 'स्टेअरवे टू हेवन' उलटं वाजवून दाखवलं गेलं, त्यात सैतानाचे संदेश लपलेत म्हणून. पुढच्या वर्षी आर्कान्सॉच्या दोन्ही सभागृहांनी उलट्या संदेशांच्या रेकॉर्डवर इशारा छापायचं विधेयक मंजूर केलं, ते राज्यपाल बिल क्लिंटन यांनी परत पाठवलं. १९९० मध्ये नेवाडातल्या रेनोच्या न्यायालयात ज्युडास प्रीस्ट बँडवर याच धर्तीचा खटला चालला आणि बँड सुटला. बँडवाल्यांनी तर याची चेष्टा आधीपासूनच सुरू केली होती. पिंक फ्लॉइडने १९७९ मध्ये एका गाण्यात उलटा संदेश टाकला, तो सुलटा केला की ऐकू येतं, अभिनंदन, तुम्ही गुप्त संदेश शोधलात. ईएलओ बँडने तर त्याही आधी, १९७५ मध्ये, 'फायर ऑन हाय'च्या सुरुवातीला उलटा आवाज भरला होता : संगीत उलटं फिरवता येतं, वेळ नाही. हे वाक्य एका बाईंनी मला सांगितलं तेव्हा त्या आधी खो-खो हसल्या आणि मग त्यांना थांबता येईना. त्या दिवशी आम्ही दुसरं काही बोललो नाही.

तर 'अवाक्षर नाही' असं तुम्ही लिहिता, ते खरं नाही ताई. ते बोलतात. जेरेमी स्पेन्सरचं नाव त्या फोनवर कधी ऐकलंत का? फ्लीटवुड मॅकचा गिटारवाला. फेब्रुवारी १९७१ मध्ये बँड लॉस एंजेलिसला आला होता. स्पेन्सर पुस्तकांच्या दुकानात जाऊन येतो म्हणून हॉटेलातून निघाला तो आलाच नाही. काही दिवसांनी 'चिल्ड्रन ऑफ गॉड' नावाच्या धार्मिक गटाच्या जागेत सापडला, डोकं भादरलेलं, नाव बदललेलं. परत यायला तयार नाही. दौरा अर्धवट, म्हणून पीटर ग्रीनला इंग्लंडहून बोलावून घेतलं, जो स्वतः आदल्याच वर्षी बँड सोडून गेला होता. स्पेन्सर पुढे कित्येक दशकं त्याच गटाबरोबर राहिला.

बाहेरचा माणूस ही गोष्ट ऐकून विचारतो, 'असा कसा गेला?' पंथातून आलेला माणूस ते विचारत नाही. तो विचारतो, 'दौरा पुरा कोणी केला? मग स्पेन्सरच्या जागी कोण आलं? त्याने नंतर कोणती रेकॉर्ड काढली?' म्हणजे एक माणूस निघून गेल्यावर मागच्यांनी काय केलं, आणि गेलेल्याचं पुढे काय झालं. हे प्रश्न कोणाचे आहेत, ते तुम्हाला दिसेल. मायकल जॅक्सनचंही तसंच. तो यहोवाज विटनेस या ख्रिस्ती पंथात वाढला, 'थ्रिलर'च्या फिल्मच्या सुरुवातीला त्याने पाटी टाकली की याने भुताखेतांच्या विद्येचं समर्थन होत नाही, आणि १९८७ मध्ये तो त्या मंडळीतून बाहेर पडला. ज्या घरात आई अजून पंथात आहे त्या घरातला माणूस ती पाटी शब्दन् शब्द सांगतो. माहितीचा प्रश्न म्हणून सांगतो, एवढंच.

२०२५ च्या जुलैत ऑझी गेला. ५ तारखेला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर खुर्चीत बसून शेवटचं गायला, २२ ला गेला. त्या आठवड्यात माझ्या ओळखीतल्या अशा दोन-तीन गटांत एकच चर्चा होती. मेल्यावर कोण कुठे जातो, पुनरुत्थान पहिलं की दुसरं, असलं काहीही न बोलता या लोकांनी बहुधा पहिल्यांदाच कोणाचं तरी मरण साजरं केलं. हे सोपं नाही. जिथे प्रत्येक शब्दाला गटाने आपला अर्थ चिकटवलेला असतो तिथून आलेल्यांना साधे शब्द परत मिळवावे लागतात. रॉबर्ट लिफ्टन या मानसोपचारतज्ज्ञाने १९६१ मध्येच अशा भारलेल्या भाषेबद्दल लिहून ठेवलंय. 'जग', 'सत्य', 'बंड', 'प्रेम', हे सगळे शब्द सासऱ्यांच्या कानात अजून प्रवचनातल्या सुरात वाजत असणार. 'स्लाइड गिटार' या शब्दात मात्र कोणी काही भरलेलं नाही.

टोमॅटोचंही तेच. वल्हांडण, म्हणजे पासओव्हर, या सणाच्या आधी या घरांतून खमीर काढून टाकावं लागे, म्हणजे पावाचा कणही घरात नको. टोस्टर उलटा करून झटकायचा, गाडीच्या सीटखालून चुरा काढायचा, कारण तो चुरा म्हणजे पाप. असं टोस्टर झटकत मोठा झालेला माणूस आज अर्धा तास टोस्टर कोणता घ्यावा यावर बोलतो आणि त्यातून कोणतंही तात्पर्य काढत नाही, ही मला तर चैन वाटते. गुडघा दुखतो कारण गुडघा दुखतो. पानं वळली कारण पाणी जास्त झालं. पूर्वी याला शिक्षा म्हणायचे, परीक्षा म्हणायचे, खूण म्हणायचे.

सासऱ्यांच्या बाबतीत आणखी एक बारीक गोष्ट. तुम्ही लिहिता, ते १९९५ मध्ये 'बाहेर पडले'. आर्मस्ट्राँग १९८६ मध्ये वारला. १९९४ च्या डिसेंबरात त्याच्या वारसाने जाहीर केलं की शब्बाथ, दशमांश, खाण्यापिण्याचे नियम आता बंधनकारक नाहीत. हजारो लोक बिथरले. काहींनी जुनं धरून ठेवण्यासाठी नव्या मंडळ्या काढल्या, युनायटेड चर्च ऑफ गॉड त्यातलीच, १९९५ ची. काही घरीच बसले. मूळ चर्चने २००९ मध्ये नावसुद्धा बदललं. म्हणजे यांच्यातल्या अनेकांनी घर सोडलं नाही, घरच त्यांच्या अंगावरून उठून गेलं. चाळीस वर्षं ज्यासाठी बेकन खाल्लं नाही ते एका भाषणात 'चालेल' झालं. यावर राग कोणाचा धरायचा? म्हणून सासऱ्यांना कधी 'तुम्ही का सोडलंत?' असं विचारू नका. विचारायचंच झालं तर 'पहिल्यांदा बेकन कधी खाल्लंत?' असं विचारा. त्या उत्तरात सगळं येतं, आणि सांगताना माणूस हसतो.

काळजी कधी करायची? मागच्या तारखांबद्दल बोलताहेत तोवर खुशाल बोलू द्या. पुढच्या तारखांबद्दल बोलायला लागले तर लक्ष द्या. मध्यपूर्वेत युद्धाची बातमी आली की या लोकांच्या पोटात जुना गोळा उठतो, हे मी दर वेळी पाहिलंय, आणि त्या आठवड्यात फोन लांबतात, प्रश्न अवघड होतात, कोणी तरी 'बी साइड'च्या, म्हणजे रेकॉर्डच्या मागच्या बाजूच्या गाण्यांच्या, याद्या काढतं. ते ठीक आहे, तो त्यांचा रामरक्षा म्हणण्याचा प्रकार समजा. पण सहांपैकी एकाचाच शब्द शेवटचा ठरू लागला, बाकीचे त्याला विचारून बोलू लागले, तर सावध. या माणसांना गुरू पटकन सापडतो, रेकॉर्डच्या दुकानातसुद्धा. झोप गेली, दारू वाढली, फोनही नकोसा झाला, तर डॉक्टरकडे न्या, आणि अगदीच टोकाचं काही बोलले तर अमेरिकेत ९८८ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो.

आता तुम्ही काय करावं. तुमच्याकडे एक हुकमाचं पान आहे, ते वापरा. 'हूज नेक्स्ट'मधलं पहिलं गाणं, ज्याला अर्धी अमेरिका चुकून 'टीनएज वेस्टलँड' म्हणते, त्याचं खरं नाव 'बाबा ओ'रायली'. त्यातले ओ'रायली म्हणजे टेरी रायली हे संगीतकार, आणि बाबा म्हणजे आपले मेहेरबाबा. मेरवान शेरियार इराणी, जन्म १८९४, पुणे. द हूचा गिटारवाला पीट टाउनशेंड त्यांचा अनुयायी. मी नगरची, आता अहिल्यानगर म्हणायचं. लहानपणी ३१ जानेवारीच्या अमरतिथीला अरणगावच्या रस्त्याने मेहेराबादकडे जाणारे गोरे लोक पाहायचे आणि वाटायचं, एवढ्या लांबून हे येतात कशाला. त्यातल्या कोणाच्या घरी कोणती रेकॉर्ड वाजत होती ते कळायला मला कॅलिफोर्नियात यावं लागलं. मेहेरबाबांनी १९२५ ते १९६९, म्हणजे जवळजवळ ४४ वर्षं मौन पाळलं. आणि त्यांचं नाव ज्या बँडच्या गाण्यात अडकलं तो द हू बँड १९७६ च्या लंडनमधल्या एका मैफलीपायी गिनीज बुकात जगातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा म्हणून गेला, १२६ डेसिबल. हे त्या फोनवर एकदा सांगून बघा. माझी खात्री आहे, पुढच्या शुक्रवारी तुमच्यासाठी खुर्ची ठेवलेली असेल.

राहिला केक. या पंथात वाढदिवस साजरे करत नसत. युक्तिवाद असा की बायबलात वाढदिवसाच्या मेजवान्या ठळकपणे येतात त्या फारोच्या आणि हेरोदाच्या, आणि दोन्हींत एकेका माणसाचा जीव गेला. साठीतल्या माणसाला हे खरं वाटत नाही, पण मेणबत्त्या विझवताना सगळे एका सुरात गायला लागले की पाय आपोआप दाराकडे वळतात. नातवावर राग नसतो, रुसवा नसतो. कोणी मागे जाऊन 'आत या ना' म्हणू नये. त्यांना काम द्या. बीटल्सच्या १९६८ च्या पांढऱ्या कव्हरच्या जोड-रेकॉर्डवर 'बर्थडे' नावाचं गाणं आहे, दुसऱ्या तबकडीची पहिली बाजू, पहिलंच. केक कापून झाला, गाणं म्हणून झालं, की त्यांनी आत येऊन सुई ठेवायची, एवढंच काम. कापण्याआधी नको, नंतर.

आणि गाणं चालू असताना मुलाला विचारायला लावा, 'आजोबा, हे रेकॉर्ड करता करता बीटल्स मध्येच उठून पॉल मॅकार्टनीच्या घरी कशाला गेले होते?' खरं उत्तर, टीव्हीवर रॉक अँड रोलचा एक जुना सिनेमा लागणार होता, तो बघायला. पण तुम्ही आधीच मध्ये पडून 'जेवायला' असं ठोकून द्या.